डोळे उघडण्याआधीची रंगीत तालीम

"अगं, नीट दिसतंय तो डोळा कशाला झाकता? दुसऱ्याचं काय ते बघा ना!"

वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरात गेल्या पावसाळ्यात रोज दुपारी चारच्या सुमारास हे वाक्य ऐकू यायचं. बोलणारी माझी आई, ऐकणारी वहिनी आणि दोघींच्या मधे पाटावर बसलेली माझी पाच वर्षांची भाची. तिच्या उजव्या डोळ्यावर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी, पट्टीवर स्केचपेनने काढलेलं फुलपाखरू, पुढ्यात वाटीभर मणी आणि दोरा. डाव्या डोळ्याने बघून मणी ओवायचे. दोऱ्याचं टोक मण्याच्या भोकाशेजारी टेकायचं, घसरायचं, पुन्हा टेकायचं. सहावा-सातवा मणी होईपर्यंत तिच्या कपाळावर घाम यायचा आणि आईचा जीव खालीवर व्हायचा.

शाळेतल्या तपासणीत निघालं ते असं: उजवा डोळा जवळजवळ नॉर्मल, डाव्याला मोठा नंबर. चष्मा लावूनही डाव्याने तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी वाचता येत होत्या. डॉक्टरांनी डोळा आतून-बाहेरून तपासला आणि सांगितलं, "डोळ्यात काही दोष नाही. मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकलेला नाही."

या एका वाक्याने घरातले सगळे गोंधळले. बघायला शिकायचं असतं? आणि तेही मेंदूने? मी अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. सांगता सांगता मी कार्ला शॅट्झ या शास्त्रज्ञ बाईंच्या कामात शिरले. गेली पन्नासेक वर्षं या बाई एकाच प्रश्नामागे आहेत: जन्माला येणाऱ्या मेंदूतल्या तारा योग्य जागी जुळतात कशा? आईला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

डोळा चांगला, तरी दिसत नाही?

डोळा चित्र घेतो, ते वाचतो मेंदू. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्यातून लाखो बारीक धागे निघतात. हे चेतापेशींचे धागे. चेतापेशी म्हणजे विजेच्या सूक्ष्म ठोक्यांनी निरोप पोचवणारी पेशी. धागे मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाच्या ठिकाणी येतात, तिथे गाडी बदलतात आणि डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीच्या केंद्रात पोचतात. थॅलॅमस म्हणजे मेंदूतलं वडोदरा जंक्शन म्हणा. अहमदाबादेकडून आलेली आणि मुंबईकडून आलेली गाडी वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मला लागते, तसे डाव्या आणि उजव्या डोळ्याचे धागे इथे वेगवेगळ्या थरांत उतरतात.

लहानपणी एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र येत राहिलं (मोठा नंबर, तिरळेपणा, जन्मजात मोतीबिंदू, खाली आलेली पापणी, काहीही कारण असो), तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. याला डॉक्टर ॲम्ब्लिओपिया म्हणतात, लोक आळशी डोळा म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. आळस डोळ्याचाही नसतो आणि पोराचाही नसतो. जगभरात शंभर मुलांमागे साधारण एक ते तीन मुलांना हा त्रास असतो. बहुतेकदा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दुसरा डोळा सगळं काम निभावून नेतो. आमची भाची रंगवायची, धावायची, पतंग बघायची. तक्रार करायला तिला दोन डोळ्यांनी बघणं म्हणजे काय हे ठाऊक तर हवं!

वाड्यातली बंद खोली

हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती अमेरिकेत, डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल या जोडीच्या कामातून. 1958 पासून दोघे एकत्र काम करत होते. 1963 साली त्यांनी मांजराच्या पिल्लांवरचे प्रयोग छापले. पिल्लाची एका डोळ्याची पापणी जन्मानंतर लवकरच शिवून टाकायची, दोन-तीन महिन्यांनी उघडायची. डोळा आतून शाबूत असे, पण पिल्लू त्या डोळ्याने आंधळ्यासारखं वागे. मेंदूतल्या दृष्टीच्या केंद्रात बारीक तार घालून पेशींचे ठोके ऐकले, तेव्हा त्या डोळ्याला प्रतिसाद देणारी पेशी क्वचितच सापडली. बहुतेक सगळ्या पेशी उघड्या डोळ्याच्या ताब्यात गेल्या होत्या.

मोठ्या मांजराचा डोळा तसाच आणि तितकाच काळ बंद ठेवला, तर काहीच बिघडत नाही. पिल्लू चार-पाच आठवड्यांचं असताना मात्र डोळा अवघे तीन-चार दिवस बंद राहिला तरी फरक दिसतो. म्हणजे मेंदूत एक नाजूक मुदत असते.

दुसरी गोष्ट त्याहून चकित करणारी होती. दोन्ही डोळे बंद ठेवले, तर एक डोळा बंद ठेवल्यावर होतं तितकं त्या डोळ्याचं नुकसान होत नाही! हे कसं?

आमच्यासारख्या जुन्या वाड्यात वाढलेल्यांना हे पटकन कळेल. दोन बिऱ्हाडांना लागून लागून खोल्या दिल्या आहेत. एक बिऱ्हाड कुलूप लावून गावी गेलं. मधलं दार उघडं आहे. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांची एक सायकल आत येते, मग धान्याचा डबा, मग पलंग. वर्षाने ते बिऱ्हाड परत येतं तेव्हा उभं राहायलाही जागा नसते. दोन्ही बिऱ्हाडं एकदम गावी गेली असती, तर दोन्ही खोल्या धूळ खात पडल्या असत्या, पण कुणी कुणाची जागा बळकावली नसती. आणि खोल्यांचे दस्तऐवज एकदा पक्के झाले, मधे भिंत उभी राहिली, की मग कुलूप कितीही दिवस लागो, खोली ज्याची त्याचीच राहते. मोठ्या मांजराचं तसं झालं.

दोन डोळ्यांत मेंदूतल्या जागेसाठी चढाओढ असते. म्हणून पट्टी चांगल्या डोळ्याला! जागा बळकावणाऱ्या शेजाऱ्याला रोज दोन तास बाहेर पाठवायचं, म्हणजे दुसऱ्याला आपलं सामान लावायला सवड मिळते. आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग तसं आधी सांगायचं." दुसऱ्या दिवसापासून मणी तीच काढून द्यायला लागली.

ह्युबेल आणि वीझेल यांना 1981 साली नोबेल मिळालं.

पण जन्माआधी काय?

कार्ला शॅट्झ या दोघांची विद्यार्थिनी. जन्म 1947, न्यू यॉर्क. कॉलेजात रसायनशास्त्र शिकत असताना आजीला पक्षाघाताचा झटका आला, आणि त्या धक्क्याने त्या मेंदूच्या अभ्यासाकडे वळल्या. 1969 मध्ये पदवी, मग दोन वर्षं लंडन, आणि 1976 साली हार्वर्डमधून पीएचडी. हार्वर्डमध्ये न्यूरोबायॉलॉजीत पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे 2000 साली त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या, तिथेही पहिल्याच. ज्या दारातून त्या एकट्या आत गेल्या, ते दार त्यांनी पुढच्यांसाठी उघडं ठेवलं. मेंदूविज्ञानातली नावाजलेली बरीच माणसं त्यांच्या प्रयोगशाळेतून तयार झाली.

1978 मध्ये त्या स्टॅनफर्डला गेल्या आणि गुरूंनी जिथे सोडलं होतं, त्याच्या मागे जाऊ लागल्या. गुरूंनी दाखवलं होतं की जन्मल्यानंतर बघण्यामुळे जोडण्या पक्क्या होतात. शॅट्झ बाईंनी विचारलं: मग जन्माआधी, काहीच दिसत नसताना, धागे थॅलॅमसपर्यंत येऊन आपापल्या थरात कसे उतरतात?

मांजराच्या गर्भात त्यांनी पाहिलं तर सुरुवातीला दोन्ही डोळ्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. गाडीतून उतरलेली सगळी गर्दी एकाच प्लॅटफॉर्मवर. मग हळूहळू ते वेगळे होत जातात, आणि पिल्लू जन्मायच्या सुमाराला थर स्वच्छ झालेले असतात. गर्भाशयात अंधार, पापण्या मिटलेल्या, पडद्यातल्या प्रकाश पकडणाऱ्या पेशी अजून कामाला लागलेल्या नाहीत. मग ही गर्दी पांगवली कुणी?

सरळ उत्तर असं की जनुकांनी. सगळं लिहूनच आलेलं असणार. ते अर्धं खरंही आहे. धागा डोळ्यातून निघून थॅलॅमसपर्यंत येतो तो वाटेतल्या रसायनांच्या खुणा हुंगत येतो, आणि त्या खुणा जनुकांनी मांडलेल्या असतात. पण 1988 मध्ये शॅट्झ आणि मायकेल स्ट्रायकर यांनी मांजराच्या गर्भात पफर माशातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विष थेंबाथेंबाने सोडलं. हे विष चेतापेशींचे ठोके बंद पाडतं, पेशी मारत नाही. धागे थॅलॅमसपर्यंत पोचले, पण वेगळे झालेच नाहीत. म्हणजे अंधारातही पेशी ठोके देत होत्या, आणि त्या ठोक्यांवाचून गर्दी पांगत नव्हती.

दोन सोसायट्यांचा गरबा

पडद्यातल्या पेशी आपोआप ठोके देतात हे त्याच वर्षी इटलीत लुचिया गाली आणि लॅम्बर्टो माफ्फेई यांनी उंदरांच्या गर्भात दाखवलं होतं. प्रश्न असा होता की त्या ठोक्यांना काही रीत आहे का. 1991 साली शॅट्झ, मार्कस माइस्टर, रेचल वाँग आणि डेनिस बेलर यांनी पडद्याचा जिवंत तुकडा 61 सूक्ष्म तारांच्या जाळीवर ठेवला. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नवजात पिल्लाचा तो पडदा. फेरेटची पिल्लं फार कच्ची जन्मतात, डोळे उघडायला महिना लागतो, म्हणून जे इतरांच्या पोटात घडतं ते यांच्यात बाहेर बघता येतं.

61 तारांवर एकाच वेळी कान लावला तेव्हा दिसलं ते असं. पडद्याच्या एका कोपऱ्यात काही पेशी ठोके देतात, मग त्यांच्या शेजारच्या, मग त्यांच्या शेजारच्या. काही सेकंदांत लाट पडद्यावरून सरकत जाते. मग मिनिट-दोन मिनिटं सगळं शांत. मग दुसरीकडून दुसरी लाट. वळवाचा पहिला टपोरा थेंब सूरसागर तलावात पडल्यावर वर्तुळ पसरतं ना, तसं. पसरलं, विरलं, मग दुसरीकडे दुसरा थेंब.

आता या लाटांनी थर कसे वेगळे होतात? इथे मी वर्गात गरब्याचं उदाहरण देते, आणि वडोदऱ्यातल्या मुलांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

नवरात्रात रात्री अकराला गच्चीवर डोळे मिटून उभे राहा. पलीकडच्या दोन सोसायट्यांत दोन गरबे चालू आहेत. समजा, गाणं ऐकूच येत नाही, फक्त टाळ्या ऐकू येतात. शेकडो टाळ्या, सगळ्या एकाच काळोखातून आलेल्या. तरी मिनिटभरात तुम्ही सांगाल की दोन गरबे आहेत. कारण एका वर्तुळातल्या टाळ्या एका तालात पडतात, दुसऱ्या वर्तुळाचा ताल वेगळा असतो. इतकंच काय, वर्तुळ मोठं असेल तर जवळजवळ नाचणाऱ्यांच्या टाळ्या जास्त जुळतात, लांबच्यांच्या किंचित मागेपुढे होतात. टाळ्यांवरूनच कोण कुठल्या गरब्यात आणि कोण कुणाच्या शेजारी, याचा नकाशा काढता येईल.

थॅलॅमसमधली पेशी अशी गच्चीवर डोळे मिटून उभी आहे. तिच्याकडे दोन्ही डोळ्यांचे धागे आले आहेत. कुठला कुठला, तिला दिसत नाही. पण एका डोळ्यातल्या शेजारी पेशी लाटेबरोबर एकदम ठोका देतात, आणि दुसऱ्या डोळ्याची लाट त्याच क्षणी येण्याची शक्यता फार कमी. मग ज्यांचे ठोके एकत्र पडतात ते धागे ती घट्ट धरते, बेताल पडणारे सोडून देते. हे कोट्यवधी पेशींनी आठवडेच्या आठवडे केलं, की थर वेगळे होतात.

एकत्र ठोका देणाऱ्या पेशींची गाठ पक्की होते ही कल्पना कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्येच मांडली होती. शॅट्झ बाईंनी 1992 साली सामान्य वाचकांसाठी लिहिताना ती मोजक्या यमकी शब्दांत बसवली, 'सेल्स दॅट फायर टुगेदर वायर टुगेदर', आणि ते वाक्य जगभर गाजलं. आज कुठल्याही प्रेरणादायी भाषणात ते येतं, सवयी लावण्याच्या क्लासात येतं. त्याच्यामागे मिटलेल्या डोळ्यातली ती लाट आहे, हे बोलणाऱ्याला बहुधा माहीत नसतं, याची मला फार चुटपुट लागते.

काम झालं की उतरवायची परांची

त्याच काळात त्यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट दाखवली. इमारत बांधताना परांची उभारतात आणि गिलावा झाला की उतरवतात. गर्भाच्या मेंदूत दृष्टीच्या केंद्राखाली पेशींचा असाच एक थर असतो. थॅलॅमसकडून वर येणारे धागे आधी तिथे थांबतात, वाट बघतात, मग वर आपापल्या जागी जातात. काम झालं की या पेशी बहुतेक सगळ्या मरून जातात. 1990 साली अनिर्वाण घोष आणि सहकाऱ्यांबरोबर शॅट्झ बाईंनी या पेशी आधीच काढून टाकून पाहिलं, तर धागे वर जाण्याऐवजी खालूनच पुढे निघून गेले. पूर्ण झालेल्या इमारतीत परांचीचा मागमूस उरत नाही. ती होती हे कळायला बांधकाम चालू असताना तिथे जावं लागतं.

हे सगळ्यांना मान्य आहे?

लगेच झालं नाही, आणि ते बरंच झालं. 1999 मध्ये जस्टिन क्रोली आणि लॅरी कॅट्झ यांनी फेरेटचे डोळे फार लवकर काढून टाकले, तरी दृष्टीच्या केंद्राकडे जाणारे दोन डोळ्यांच्या वाटचे धागे वेगवेगळ्या पट्ट्यांत मांडलेले सापडले. मग लाटांची गरज काय? लाटा खरंच शिकवतात, की पेशी जिवंत ठेवण्यापुरत्या पुरतात? हा वाद बरीच वर्षं चालला. शिवाय लाटा दिसल्या होत्या त्या शरीराबाहेर काढलेल्या पडद्यात.

2012 साली येल विद्यापीठातल्या मायकेल क्रेअर यांच्या गटाने जिवंत नवजात उंदरांत त्या पाहिल्या. पडद्यावर उठलेली लाट थेट मेंदूच्या दृष्टिकेंद्रापर्यंत जात होती. आणि 2021 साली त्याच गटाने जे दाखवलं ते वाचून मी पान खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. डोळे उघडायच्या आधीच्या दिवसांत उंदराच्या पिल्लातल्या लाटा वाटेल त्या दिशेने जात नाहीत. पुढे चालत गेल्यावर आजूबाजूचं जग जसं डोळ्यांसमोरून मागे सरकतं, तशा दिशेने त्या बहुतांशी सरकतात. पिल्लाने अजून डोळे उघडून एक पाऊल टाकलेलं नाही, प्रकाश पाहिलेला नाही, आणि त्याचा डोळा मेंदूला चालण्याची रंगीत तालीम देतो आहे.

आजचं चित्र साधारण असं: ढोबळ आराखडा जनुकं काढतात, लाटा त्यात बारकावे भरतात, आणि जन्मल्यावर खरंखुरं बघणं शेवटचा हात फिरवतं.

"म्हणजे गर्भसंस्कार खरेच की!"

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि अभिमन्यूचं नाव निघतंच. सुभद्रेच्या पोटात त्याने चक्रव्यूहात शिरायचं ऐकलं, मग आमच्या बाळाने का ऐकू नये?

शॅट्झ बाईंच्या लाटांचा यासाठी दाखला देता येत नाही. त्या बाहेरून आलेल्या नाहीत. बाळाचा मेंदू स्वतःच स्वतःला शिकवतो, तेही बाहेरचं काहीही आत पोचत नसताना. बाळ आवाज ऐकतं हे खरं आहे. शेवटच्या तीन महिन्यांत त्याला आवाज ऐकू येतात, आणि नुकतंच जन्मलेलं बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतं हे 1980 साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं. पण आईचा आवाज ओळखणं वेगळं आणि हेडफोन पोटावर ठेवून बुद्धी वाढवणं वेगळं. गरोदर बाई आनंदात असावी, तिने आवडतं ऐकावं, वाचावं, गावं. ते तिच्यासाठी. त्यासाठी हजारो रुपयांचा कोर्स घेतला नाही म्हणून तिने बाळाचं काही कमी केलं असं तिला कुणी वाटायला लावू नये. आमच्या वहिनीने स्वतःला असाच दोष दिला होता. "मी नववा महिना सगळा टेन्शनमध्ये काढला, त्यानेच हिचा डोळा असा झाला का?" नाही गं बाई. एका डोळ्याचा नंबर मोठा निघाला, इतकंच.

आणि जन्मल्यावर? नाजूक मुदत आहे म्हणून तीन महिन्यांच्या बाळापुढे फ्लॅशकार्डं नाचवायची नसतात. पिल्लांच्या प्रयोगांनी सांगितलं ते एवढंच की नेहमीचं बघणं बंद पडलं तर नुकसान होतं. नेहमीपेक्षा जास्त दाखवलं तर जास्त फायदा होतो, असं त्यांनी सांगितलेलं नाही. आजीचा चेहरा, खिडकीतलं झाड, कमाटी बागेतली माकडं पुरेशी आहेत.

"सात वर्षांनंतर पट्टीचा उपयोग नाही म्हणतात"

म्हणायचे. पण मुदत म्हणजे रात्री बाराला धाडकन बंद होणारं दार नव्हे.

माझी वहिनी सातारची. लग्न होऊन वडोदऱ्याला आली तेव्हा तिला गुजराती येत नव्हतं. आज ती खंडेराव मार्केटात भाजीवालीशी घासाघीस करते, फोनवर भांडते, सगळं गुजरातीत. तरी दुसऱ्या वाक्याला समोरची विचारते, "तमे मराठी छो?" तिच्या मुलीला हे कुणी विचारत नाही. मोठेपणी शिकता येतं, पण मेहनत जास्त लागते आणि थोडी कसर राहते. डोळ्याचं बरंचसं असंच आहे.

2005 साली अमेरिकेत सात ते सतरा वयाच्या 507 मुलांवर मोठा अभ्यास झाला. सात ते बारा वयोगटात नुसत्या चष्म्याने चौथाई मुलं सुधारली, पट्टी आणि औषधाची जोड दिल्यावर निम्म्याहून थोडी जास्त. तेरा ते सतरा वयोगटात एकूण फरक पडला नाही, पण ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते अशांपैकी जवळजवळ निम्म्यांना फायदा झाला. तेव्हा आठ वर्षांचं मूल असलं तरी डॉक्टरांकडे न्या. पट्टी किती तास हे तेच ठरवतील. मध्यम प्रमाणातल्या त्रासात लहान मुलांना दिवसाचे दोन तास सहा तासांइतकेच उपयोगी पडतात, हे 2003 च्या अभ्यासात दिसलं आहे. रडणाऱ्या मुलाला दिवसभर पट्टीत ठेवणाऱ्या आयांनी हे जरूर विचारून घ्यावं.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. एमआयटीतले प्राध्यापक पवन सिन्हा 'प्रोजेक्ट प्रकाश' चालवतात. उत्तर भारतातल्या खेड्यांतली, जन्मापासून मोतीबिंदूने अंध असलेली मुलं शोधायची आणि दिल्लीत शस्त्रक्रिया करायची. आठ ते सतरा वयाच्या, जन्मापासून अंध असलेल्या पाच जणांचा अभ्यास 2011 मध्ये छापला गेला. पट्टी सुटल्यावर हाताने चाचपलेली वस्तू त्यांना नजरेने ओळखता येत नव्हती. काही दिवसांत यायला लागली. बारीक अक्षरं वाचण्याइतकी नजर अशा मुलांना सहसा येत नाही, पण चेहरे, वस्तू, रस्ता हे दिसू लागणं ही लहान गोष्ट नाही.

त्या पिल्लांचं काय?

पापण्या शिवलेली पिल्लं, डोळे काढलेले फेरेट. हे शिकवताना वर्गात दरवर्षी एक तरी मुलगी हात वर करून विचारते, "हे बरोबर आहे का, मॅडम?" तिने विचारलंच पाहिजे. मी तिला गप्प करत नाही. आज असे प्रयोग करायला समित्यांची परवानगी लागते, कमीत कमी प्राणी आणि कमीत कमी वेदना हे दाखवावं लागतं. पण त्या पिल्लांमुळे काय बदललं तेही सांगते. पूर्वी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया मूल मोठं होईपर्यंत लांबवायचे. डोळा उघडायचा, पण तोवर मेंदूतली जागा गेलेली असायची. आता एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर जन्मानंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असा प्रयत्न असतो. वर्षांचे आठवडे झाले ते त्या पिल्लांमुळे.

म्हणून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. बाळाच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका बुबुळाच्या मधे पांढरी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लहान मुलाचा एक डोळा हाताने झाकल्यावर ते शांत असेल आणि दुसरा झाकल्यावर किरकिर करून हात ढकलत असेल, तरी दाखवा. 2013 पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मोफत तपासणी करतो, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सगळ्या बडोदे संस्थानात मुलांना शाळेत घालणं सक्तीचं केलं. शाळेत नाव घालतानाच प्रत्येक डोळा वेगवेगळा तपासायची सक्ती त्यात जोडली गेली तर महाराजांना आवडलंच असतं, असं मला मनापासून वाटतं.

मेंदूचा ब्रेक

शॅट्झ बाईंच्या कामाचा तिसरा टप्पा सुरू झाला तो एका अनपेक्षित जागी. लाटा बंद पाडल्या तर पेशींतली कुठली जनुकं बदलतात, हे त्या शोधत होत्या. 1998 मध्ये हाती लागलं ते रोगप्रतिकाराच्या खात्यातलं. किडनी बदलायची असेल तर 'मॅच' होते का ते तपासतात ना, ते मॅचिंग ज्या रेणूंवरून होतं, त्याच कुळातले रेणू. शरीराचं आपलं-परकं ओळखणारं हे सामान चेतापेशीत नसतं असंच तेव्हा पाठ्यपुस्तकं सांगत. बरेच जण मानायला तयार नव्हते. बाईंनी पिच्छा सोडला नाही.

हे रेणू आणि त्यांना पकडणारा पिर-बी नावाचा एक ग्राहक रेणू मिळून जोडण्या ढिल्या करायचं आणि नव्या जोडण्यांना आवर घालायचं काम करतात. 2006 मध्ये पिर-बी नसलेले उंदीर तयार केले, तर मोठेपणीही त्यांचा मेंदू डोळ्यांच्या बदलाला लहान पिल्लासारखा प्रतिसाद देत होता. 2014 मध्ये साध्या मोठ्या उंदरांत औषधाने पिर-बी काही काळ अडवला, तेव्हा आळशी डोळ्याची नजर सुधारली. म्हणजे मोठ्या मेंदूत शिकण्याची ताकद संपलेली नसते, तिच्यावर ब्रेक लावलेला असतो. 2013 मध्ये याच पिर-बीचा, आणि माणसातल्या त्याच्या भावंडाचा, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाशी संबंध दिसला. आजीच्या आजारपणातून सुरू झालेलं काम म्हातारपणाच्या विस्मरणापर्यंत येऊन पोचलं.

मग तो ब्रेक काढूनच का टाकू नये, असं माझ्या भावाने विचारलं. कारण ब्रेक कामाचा आहे. वाड्यातल्या खोल्यांचे दस्तऐवज कधीच पक्के झाले नाहीत, तर कुणालाच शांत झोप लागणार नाही. मोठेपणी मोतीबिंदूमुळे चार महिने एक डोळा झाकलेला राहिला तर त्या डोळ्याची मेंदूतली जागा जाऊ नये, हे तो ब्रेकच बघतो. हे सगळं अजून उंदरांपुरतं आहे. त्या नावाखाली कुणी गोळ्या विकायला आलं तर घेऊ नका. शॅट्झ बाईंना या सगळ्या कामासाठी 2016 साली ईव्ह मार्डर आणि मायकेल मर्झेनिच या मेंदूशास्त्रज्ञांसोबत मेंदूविज्ञानातलं मानाचं काव्हली पारितोषिक मिळालं.

भाचीची पट्टी आता आठवा महिना चालू आहे. मागच्या तपासणीत डाव्या डोळ्याने तिने तक्त्यावरची पाचवी ओळ वाचली, सहाव्या ओळीत दोन अक्षरं चुकली. मण्यांचा तिला कंटाळा आला आहे, म्हणून आईने तिला तांदूळ निवडायला बसवलं. परवा तिने ताटातून एक खडा उचलून आजीच्या तळहातावर ठेवला. आईने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि मग तो खडा तिला दिसला.